हमरस्त्यापासून जरा आत

गोव्याहून परत आलेला मराठी माणूस आपण कुठे उतरलो होतो हे सांगण्याआधी कुठे उतरलो नव्हतो ते सांगतो. "कलंगुटला नाही हं! तिकडे नुसती जत्रा असते. आम्ही आतल्या बाजूला होतो." या आतल्या बाजूत त्याची अभिरुची येते, प्रवासाचा व्यासंग येतो, मेव्हण्याच्या मित्राची ओळख येते आणि खोलीमागे वाचलेले हजार रुपयेही येतात. जिथे सगळे राहतात तिथे आपण राहायचं नाही, हा त्याचा बाणा. संध्याकाळी साडेपाचला मात्र हाच माणूस भाड्याची स्कूटर काढून मुकाट्यानं कलंगुटला येतो, कारण आतल्या बाजूला माड मोजून झाले की करण्यासारखं काही उरत नाही.

हा बाणा घेऊन मराठी माणूस लास व्हेगासला जातो तेव्हा खरी मजा येते.

अमेरिकेत मुलं, भाचे, पुतणे असलेल्या कुटुंबांचा तिकडचा यात्रामार्ग ठरलेला आहे. नायगारा, स्वातंत्र्यदेवीचा पुतळा, डिस्ने, ग्रँड कॅन्यन आणि जाता जाता लास व्हेगास. परतल्यावर सोसायटीत या शेवटच्या क्षेत्राचा उल्लेख "ते वाटेतच लागतं" असा करायचा असतो. ग्रँड कॅन्यनला जाताना ते वाटेत लागतं हे खरंही आहे. वाटेत दोन रात्री कशाला लागतात, एवढं मात्र कोणी विचारायचं नसतं.

आमचा भाचा लॉस एंजेलिसच्या बाजूला असतो. त्यानं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "मामा, स्ट्रिपवर राहायचं नाही. स्ट्रिप टूरिस्ट लोकांसाठी असते."

"आणि आपण कोण?" बायकोनं विचारलं.

"मामी, आपण जरा वेगळे टूरिस्ट."

रक्ताचं नातं म्हणतात ते हे. माणूस इमिग्रेशनच्या सगळ्या रांगा पार करून गेला तरी आतली बाजू सोडत नाही.

स्ट्रिप म्हणजे लास व्हेगास बूलेव्हार्डचा सुमारे पावणेसात किलोमीटरचा तुकडा. जगातली अवाढव्य हॉटेलं इथे खांद्याला खांदा लावून उभी आहेत. एकीकडे निम्म्या उंचीचा आयफेल टॉवर, एकीकडे काळ्या काचेचा पिरॅमिड, एकीकडे दुसऱ्या मजल्यावर व्हेनिसचे कालवे. पुढचं हॉटेल हाकेच्या अंतरावर दिसतं म्हणून माणूस चालायला लागतो आणि अर्ध्या तासानं ते तितकंच हाकेच्या अंतरावर असतं. इमारतीच एवढ्या मोठ्या की डोळ्यांचा हिशेब चुकतो. खिशाचा हिशेब चुकायची सुरुवात तिथूनच होते.

गंमत अशी की या रस्त्याचा बराचसा भाग लास व्हेगास शहरात नाहीच. पालिकेनं हद्द वाढवून आपल्याला पोटात घेऊ नये आणि शहराचा कर अंगावर येऊ नये, म्हणून कॅसिनोवाल्यांच्या खटपटीनं क्लार्क काउंटीनं १९५० साली ही वस्ती वेगळी जाहीर केली. नाव दिलं पॅराडाइज. महापालिकेचा कर नसलेल्या जागेला दुसरं काय नाव देणार? बेटी विलिस यांनी १९५९ साली केलेली ती जगप्रसिद्ध 'वेलकम टू फॅब्युलस लास व्हेगास' पाटीसुद्धा शहराच्या हद्दीबाहेर उभी आहे. तिच्याखाली फोटो काढणारे लाखो लोक दरवर्षी ज्या गावात आपलं स्वागत झालं असं समजतात, त्या गावात ते अजून शिरलेलेच नसतात. म्हणजे हद्दीबाहेर राहायची कल्पना आमच्या भाच्याची नव्हेच. ती स्ट्रिपचीच.

हॉटेल ठरवायला बैठक बसली. भाच्यानं टीव्हीवर फोटो लावले आणि एकेक स्थळ दाखवायला सुरुवात केली.

पहिलं स्थळ डाउनटाउनचं. जुनं लास व्हेगास म्हणजे फ्रीमॉन्ट स्ट्रीट. नेवाडा राज्यानं १९३१ साली जुगार कायदेशीर केला तेव्हा स्ट्रिपच्या जागी वाळवंट होतं आणि पत्ते पिसले जात होते ते इथे. एल कॉर्टेझ हे १९४१ सालचं हॉटेल अजून त्याच नावानं चालतं आणि अमेरिकेच्या ऐतिहासिक वास्तूंच्या यादीतही आहे. चाळीसच्या दशकात काही काळ ते बग्सी सीगल या नामांकित गुंडाच्या मंडळींकडे होतं. आपल्याकडे जुन्या वाड्याला वारसा म्हणवून घ्यायला निदान एखादा सरदार लागतो. तिकडे गुंडावर भागतं. जवळच गोल्डन नगेट. ऑस्ट्रेलियात १९८० साली सापडलेला सुमारे सत्तावीस किलोचा सोन्याचा गोळा या हॉटेलनं विकत घेऊन लोकांना पाहायला मांडून ठेवला. बायको इथे पहिल्यांदा नीट सावरून बसली.

"सत्तावीस किलो म्हणजे सत्तावीसशे तोळे," तिनं क्षणात हिशेब केला. "आणि नुसता ठेवलाय? घडवला नाही?"

पण या रस्त्यावर १९९५ सालापासून दिव्यांचं एक भलंमोठं छत आहे आणि त्याच्याखालून तारेला लटकलेली माणसं किंचाळत जातात. "हे रात्री किती वाजेपर्यंत?" या प्रश्नाचं उत्तर ऐकल्यावर डाउनटाउन बाद झालं.

दुसरं स्थळ पाम्स. महामार्गाच्या पलीकडे, स्ट्रिपपासून जेमतेम दोन किलोमीटर, २००१ साली उघडलेलं. फॅशनेबल म्हणून त्याचं नाव. तिथल्या एका स्वीटमध्ये आत चक्क बास्केटबॉलचं कोर्ट आहे. दुसरा एक स्वीट २०१९ साली डेमियन हर्स्ट या चित्रकारानं सजवून दिला. त्यात औषधाच्या पाण्यात बुडवलेले दोन शार्क काचेच्या पेट्यांमध्ये ठेवले होते. भाडं रात्रीला एक लाख डॉलर, आणि किमान दोन रात्री राहायलाच हवं.

"दोन मेलेले मासे उशापायथ्याशी घेऊन झोपायचं आणि वर एवढे पैसे?" बायको म्हणाली. "आमच्या मालवणच्या आत्याकडे फुकट झोपलेय मी तशी. सुके बांगडे होते, एवढाच फरक."

हे हॉटेल २०२१ च्या अखेरीपासून कॅलिफोर्नियातल्या सॅन मॅन्युएल या आदिवासी जमातीच्या मालकीचं आहे. एखाद्या जमातीनं लास व्हेगासमध्ये कॅसिनोची मालकी घेऊन तो चालवण्याची ही पहिलीच वेळ. गोऱ्यांनी ज्यांच्या जमिनी घेतल्या, त्यांच्याकडे आता गोरे स्वतःहून पैसे नेऊन देतात. इतिहासाला विनोदबुद्धी नसते असं कोण म्हणतं?

तिसरं स्थळ रेड रॉक. शहराच्या पश्चिमेला, समरलिन नावाच्या उपनगरात, डोंगराच्या पायथ्याशी. २००६ साली नव्वद कोटी डॉलरच्या वर खर्चून बांधलेलं. फोटोत तांबूस दगड, गडद लाकूड, स्फटिकांची झुंबरं आणि कमी प्रकाश. कमी प्रकाश म्हणजे उच्च अभिरुची, हे आपण आता मान्य केलेलं आहे. आपल्या लहानपणी त्याला व्होल्टेज गेलं म्हणायचे. ज्या जमिनीवर समरलिन वसलं ती हॉवर्ड ह्यूज या विक्षिप्त अब्जाधीशानं पन्नासच्या दशकात घेऊन ठेवली होती आणि वस्तीला नाव त्याच्या आजीचं आहे. जुगाराच्या शहरात आजीच्या नावानं उपनगर! बायकोला स्थळ तिथेच पसंत पडलं. घराणं चांगलं निघालं.

मला पसंत पडायचं कारण वेगळं होतं. पार्किंग फुकट. स्ट्रिपवरसुद्धा पूर्वी ते फुकटच असायचं. २०१६ साली तिथल्या एका मोठ्या साखळीनं त्याचे पैसे लावले आणि हळूहळू बाकीचेही शिकले. जुगारात पाचशे डॉलर घालवलेला माणूस हसत बाहेर पडतो आणि पार्किंगच्या वीस डॉलरला जाहीर सभेत बोलल्यासारखा बोलतो. हे आम्हालाच नव्हे, अमेरिकन माणसालाही लागू आहे.

आता एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. हमरस्ता सोडला म्हणून 'रिसॉर्ट फी' सुटत नाही. खोलीचं भाडं वेगळं आणि ही दक्षिणा वेगळी. त्यात वायफाय फुकट, व्यायामशाळा फुकट आणि स्थानिक फोन फुकट. या तिन्ही फुकट गोष्टींचे मिळून पैसे द्यायचे, आणि फोन करायला त्या गावात आपलं कोणी नसलं तरी द्यायचे. वर्षानुवर्षं ही रक्कम शेवटच्या पानावर उगवायची. २०२५ च्या मेपासून अमेरिकी सरकारनं ती पहिल्यापासून एकूण भाड्यात धरून दाखवायची सक्ती केली. रक्कम तेवढीच राहिली, धक्का फक्त अलीकडे आला.

शिवाय लास व्हेगासच्या पुष्कळ हॉटेलांत खोलीत चहा-कॉफीचं यंत्र नसतं. पाहुण्यानं सकाळी कॉफीसाठी खाली उतरावं आणि कॉफीकडे जाणारी वाट जुगाराच्या यंत्रांमधून असावी, अशी त्यामागची दूरदृष्टी. मराठी बायको या दूरदृष्टीला पुरून उरते. किटली, चहाची पूड, दुधाची पावडर, गवती चहा आणि किसून वाळवलेलं आलं सामानात होतंच. फक्त किटली २३० व्होल्टची आणि तिकडची वीज १२० ची, त्यामुळे पाण्याला आधण यायला चौपट वेळ लागायचा. तेवढ्या वेळात खाली जाऊन माणूस चाळीस डॉलर हरून वर आला असता, म्हणजे चहा महाग पडला नाही.

खोलीतल्या शीतकपाटाबद्दल भाच्यानं आधीच बजावलं होतं. स्ट्रिपवरच्या एका हॉटेलात त्याच्या मित्राच्या आजी उतरल्या होत्या. सोलापूरच्या, सोवळ्याच्या, कांदासुद्धा चातुर्मासात न खाणाऱ्या. त्यांनी दह्याचं भांडं ठेवायला जागा हवी म्हणून आतल्या चिमुकल्या बाटल्या उचलून टेबलावर नीट मांडून ठेवल्या. त्या बाटल्यांखाली वजन ओळखणारी यंत्रणा होती. बाटली उचलली की बिलात चढली. सकाळी आजींच्या नावावर आठ बाटल्या मद्य निघालं, त्यातली दोन व्हिस्कीची. आजींना काय झालं ते अजून कोणी समजावून सांगितलेलं नाही. घरात मात्र त्यांच्याकडे तेव्हापासून जरा आदरानं पाहतात.

आम्ही पोचलो तेव्हा दुपार होती. बाहेर तांबडे डोंगर, आत थंडगार अंधार. झुंबर खरोखरच देखणं होतं आणि बायको त्याच्याखाली उभी राहून ते पुसतं कोण याचा विचार करत होती. चार पावलं पुढे गेलो आणि कानावर तो आवाज आला. हजार यंत्रं एकाच सुरात गोड किणकिणतात तो. झुंबर कितीही अभिजात असो, यंत्रांची किणकिण सगळीकडे सारखीच. गालिचा तसाच भडक, सिगारेटचा वास तसाच. कारण नेवाडानं २००६ साली बंद जागेत धूम्रपानाला मनाई केली तेव्हा कॅसिनोच्या दालनांना त्यातून वगळलं होतं. हमरस्ता सोडून वीस मिनिटं आत आलो तेव्हा कॅसिनो आमच्या आधीच आत येऊन बसला होता.

माणसं मात्र वेगळी होती. स्ट्रिपवर दिसणारी नवरीच्या मैत्रिणींची टोळकी नाहीत, हातभर उंच प्लास्टिकच्या पेल्यातून काहीतरी निळं पिणारे तरुण नाहीत. इथे होत्या हातात वाणसामानाची पिशवी असलेल्या बायका, गणवेशातले कामगार, आणि माझ्या वयाचे निवृत्त गृहस्थ, गुडघ्यापर्यंतच्या चड्डीत, अतिशय गंभीर. एका आजीबाईंच्या ब्लाउजला टेलिफोनच्या जुन्या वायरसारखी पिळाची दोरी अडकवलेली होती आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाचं कार्ड यंत्रात घातलेलं होतं. कार्ड यंत्रात विसरू नये म्हणून ही सोय. लांबून पाहणाऱ्याला मात्र नळी लावून काहीतरी चढवलं जातंय असं वाटावं. प्रत्यक्षात प्रवाह उलट्या दिशेनं होता.

या मंडळींसाठीच ही हॉटेलं निघाली. स्ट्रिपवर पत्ते वाटणारे, पेले भरणारे, खोल्या झाडणारे हजारो लोक काम संपल्यावर कुठे जात असतील, असा विचार फ्रँक फर्टिटा यांनी केला आणि १९७६ साली स्ट्रिपजवळच्या एका मोटेलला लागून छोटा जुगारअड्डा काढला. पुढे त्यात बिंगो आला, त्याचं पॅलेस स्टेशन झालं आणि त्यातून उपनगरांत पसरलेली आख्खी साखळी उभी राहिली. रेड रॉक त्याच साखळीतलं. दिवसभर दुसऱ्यांना हरताना पाहून पगार घेणारा माणूस संध्याकाळी तो पगार स्वतः हरायला जाईल, हे ज्याला सुचलं त्याला मानसशास्त्राच्या पदवीची गरज नाही.

पुढे १९९७ साली कायद्यानंच लोकवस्तीतल्या नव्या कॅसिनोंवर बंधनं आणली आणि ठरवून दिलेल्या जागाच शिल्लक राहिल्या. त्या जागांवर मग सगळं एकाच छताखाली आलं. रेड रॉकमध्ये सोळा पडद्यांचं सिनेमागृह आहे, बहात्तर पट्ट्यांची बोलिंगची जागा आहे. दक्षिणेला साउथ पॉइंट नावाच्या हॉटेलात घोड्यांच्या स्पर्धांचं बंदिस्त मैदान आणि तबेले आहेत. काही ठिकाणी तासावर मुलं सांभाळणारं पाळणाघरही असतं. आपल्याकडे बाप जुगारी निघाला की मुलं आजोळी पाठवतात. तिकडे तळमजल्यावर सोय आहे.

आता मुद्द्याचं. स्ट्रिपपेक्षा या आतल्या हॉटेलांत जुगाराचे दर साधारणपणे बरे असतात. ब्लॅकजॅकच्या टेबलावर छोटी पाटी असते, ती आधी वाचावी. 'तीनास दोन' लिहिलं असेल तर दहा डॉलरच्या ब्लॅकजॅकला पंधरा मिळतात; 'सहास पाच' असेल तर बारा. तीन डॉलरचा फरक किरकोळ वाटतो, पण तेवढ्यानं कॅसिनोमालकाचा वाटा शेकडा सुमारे एक पूर्णांक चारनं वाढतो. स्ट्रिपवरच्या स्वस्त टेबलांवर सहास पाचच जास्त. रुलेटचंही तसंच. चाकावर एक शून्य असेल तर मालकाचा वाटा शेकडा २.७, दोन शून्यं असतील तर ५.२६, आणि २०१६ पासून स्ट्रिपवर तीन शून्यांची चाकं फिरू लागली, त्यावर ७.६९. बक्षीस तिन्ही ठिकाणी तेवढंच. शून्य आपण जगाला दिलं असं शाळेत छाती फुगवून शिकलो होतो. त्यांनी त्यातली तीन एका चाकावर बसवली आणि वसुली परत आपल्याकडूनच सुरू केली.

दोरीवाल्या आजीबाईंनी मला आणखी एक गोष्ट शिकवली. व्हिडिओ पोकरच्या यंत्रावर बक्षिसांचा तक्ता असतो. फुल हाउसला नऊ आणि फ्लशला सहा लिहिलेलं असेल तरच बसायचं. पत्ते अचूक खेळले तर अशा यंत्रातून लांब पल्ल्यात शेकडा ९९.५४ परत येतात. आठ-पाच दिसलं तर उठायचं.

"तुम्ही अचूक खेळता का?" मी विचारलं.

"अठरा वर्षं," त्या म्हणाल्या.

"मग पैसे राहतात?"

"कमी जातात," त्या म्हणाल्या आणि परत यंत्राकडे वळल्या. इतकं प्रामाणिक उत्तर मला आमच्या म्युच्युअल फंडवाल्यानंही कधी दिलेलं नाही.

हे दर बरे का असतात? मालकाला दया आली म्हणून नव्हे. स्टेशनबाहेरचा चहावाला आणि गल्लीतला वाणी यांच्यात फरक असतो तो हाच. चहावाल्याचं गिऱ्हाईक पुढच्या गाडीनं जाणार असतं, म्हणून तो पाणी निर्धास्तपणे वाढवतो. वाण्याचं गिऱ्हाईक मंगळवारी परत येणार असतं, म्हणून तो लबाडी मापात करतो आणि वर मुलाच्या परीक्षेची चौकशीही करतो. स्ट्रिपवर येणाऱ्या पाहुण्याचा खिसा दोन रात्रींत जेवढा कापता येईल तेवढा कापायचा असतो. उपनगरातल्या आजीबाईंना पुरवून पुरवून वापरायचं असतं.

बायकोला हे गणित नको होतं. तिला बिंगो सापडला होता. सकाळी नऊचा खेळ, सभागृहासारखी मोठी खोली, लांबच लांब टेबलं. महिला मंडळाच्या हळदीकुंकवापासून ते सोसायटीच्या गणपतीपर्यंत हाऊसी खेळवलेली बाई ती. आत्मविश्वासानं जाऊन बसली. पण त्यांच्याकडे नव्वद नव्हे, पंचाहत्तरच आकडे. तिकिटावर तीन ओळी नव्हेत, पाच बाय पाचचा चौकोन आणि मधलं घर आयतंच भरलेलं. पेनानं काट मारायची नाही. शाईच्या जाड बुधल्या असतात, त्यांनी ठप्पा मारायचा. शेजारच्या बाईंसमोर एका वेळी डझनभर तिकिटं आणि चार रंगांच्या चार बुधल्या. निवेदक आकडा पुकारायचा आणि साऱ्या खोलीत एकदम बुधल्या टेकल्याचा हलका टपटप आवाज. कोणी हसत नाही, कोणी "अहो, जरा हळू" म्हणत नाही, आकड्यांवर कोटी करत नाही, मध्येच कोणी वडे आणत नाही.

"जल्दी पाच कुठाय?" तिनं भाच्याला कुजबुजत विचारलं.

"मामी, इथे जल्दी पाच नसतं."

"मग लोक सुरुवातीला खूश कधी होतात?"

याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. त्यानं वेगळीच माहिती दिली. "मामी, मोठी रक्कम लागली ना, तर परदेशी पाहुण्यांचा तीस टक्के कर जागेवरच कापतात."

"मग थोडं कमी जिंकते," ती म्हणाली आणि ठप्पा मारला.

दुपारी रेड रॉक कॅन्यन पाहायला गेलो. सुमारे एकवीस किलोमीटरचा एकेरी रस्ता तांबड्या वालुकाश्मातून वळसा घालून आणतो. डोंगर इतके भव्य की ते कोणीतरी खर्च करून बांधलेले नाहीत यावर त्या गावात चटकन विश्वास बसत नाही. तिथे रानगाढवं फिरतात आणि त्यांना काहीही खायला घालू नये, दंड होईल, असं बजावलेलं असतं. माणसाच्या हातचं फुकट मिळायला लागलं की ती रस्त्याकडेला येऊन उभी राहतात आणि स्वतःचं नुकसान करून घेतात. हे ज्ञान सरकारला डोंगरात झालेलं आहे. डोंगराच्या पायथ्याशी, झुंबरांखाली, खेळणाऱ्याला पेय फुकट आणून द्यायची पद्धत मात्र चालू आहे.

आणि संध्याकाळी? संध्याकाळी आवरून सवरून आम्ही स्ट्रिपवर गेलो. बेलाजिओची १९९८ पासून नाचणारी कारंजी पाहिली, खोटा आयफेल टॉवर पाहिला, पार्किंगचे पैसे दिले. परत येऊन दहाव्या मजल्यावरच्या खोलीचा पडदा सरकवला तर खिडकीत दूरवर स्ट्रिपच लुकलुकत होती. या हॉटेलात खोली घेताना डोंगराकडची की स्ट्रिपकडची असं निवडता येतं. भाच्यानं विचारपूर्वक स्ट्रिपकडची घेतली होती. स्ट्रिपपासून दूर आलो आहोत हे झोपण्यापूर्वी नीट दिसायला नको?

तेव्हा कोणाला हमरस्त्यापासून दूरचं झोकदार कॅसिनो हॉटेल निवडायचं असेल तर झुंबरं पाहू नका, ब्लॅकजॅकची पाटी पाहा. सकाळी साडेसातला नाश्त्याच्या जागी बसून बघा; आसपासचे म्हातारे-कोतारे नावानिशी वेट्रेसशी बोलत असतील तर जागा चांगली. शीतकपाटातल्या वस्तूंना हात लावू नका. मोटार असेल तरच आत राहा, नाहीतर टॅक्सीचं भाडं पार्किंगचा सूड घेतं. आणि अभिरुचीबद्दल फार बोलू नका. शेजाऱ्याला लुटायचं तर सावकाश लुटावं लागतं, आणि त्या सावकाशपणालाच तिथे झुंबर लावून अभिरुची म्हणतात.

स्थानिक माणसाला इतक्या मायेनं जवळ करणारी ही रीत आपल्याला परकी आहे. गोव्यात सरकारनं १ फेब्रुवारी २०२० पासून गोवेकरांनाच कॅसिनोत खेळायला बंदी केली. मांडवीतल्या बोटी मुंबई-पुण्या-दिल्लीच्या पाहुण्यांसाठी. पणजीच्या माणसानं काठावरून दिवे पाहायचे. नेवाडात शेजारी हे भांडवल, गोव्यात शेजारी हा वर्ज्य.

आणि महाराष्ट्रानं याही पुढची पायरी गाठली. आपल्या विधिमंडळानं १९७६ साली, म्हणजे फर्टिटांनी तो छोटा अड्डा काढला त्याच वर्षी, कॅसिनोंना परवाने देऊन त्यांच्यावर नियंत्रण ठेवण्याचा आणि कर लावण्याचा रीतसर कायदा केला. तिकडे त्या अड्ड्याची साखळी झाली, चित्रपटगृहं झाली, बहात्तर पट्ट्यांचं बोलिंग झालं. इकडे कायदा अंमलात आणणारी अधिसूचना काही निघाली नाही. सत्तेचाळीस वर्षं कायदा फायलीत सुखरूप राहिला आणि २०२३ साली सरकारनं तो रद्द करायचा निर्णय घेतला. धूर नाही, किणकिण नाही, चाकावर एकही शून्य नाही, रिसॉर्ट फी नाही आणि आजवर एकही गिऱ्हाईक हरलेलं नाही. हमरस्त्यापासून इतकं आत असलेलं कॅसिनो हॉटेल जगात दुसरं सापडायचं नाही. आरक्षणासाठी मंत्रालयात विचारावं. पार्किंग मात्र तिथेही मिळणार नाही.